अपेंडिक्सचं दुखणं कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटात दुखायला लागलं की घरात पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लं होतंस?" आणि दुखणं रात्रभर चाललं की दुसरा, जरा दबक्या आवाजात, "अपेंडिक्स तर नसेल?" या दुसऱ्या प्रश्नाभोवती वाचकांकडून जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. आत्ता दुखत असताना वाचत असाल, तर आधी प्रश्न ६ आणि ७ वाचा, बाकीचं नंतर.

१. अपेंडिक्स म्हणजे नेमकं काय, आणि ते सुजतं कशामुळे?

लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे पोटात उजवीकडे खाली करंगळीसारखी एक नळी असते. लांबी साधारण ६ ते १० सेंटिमीटर, एक टोक बंद. वाळलेल्या मळाचा खडा, आतल्या लसिकापेशींची (जंतूंशी लढणाऱ्या पेशींची) सूज, क्वचित जंत, यांपैकी कशाने तरी तिचं तोंड बुजतं. मग आतला स्राव साठतो, दाब वाढतो, जंतू माजतात, भिंतीचा रक्तपुरवठा तुटायला लागतो आणि वेळेत काही केलं नाही तर भिंत फुटते.

हे कोणत्याही वयात होतं, पण सर्वाधिक रुग्ण १० ते ३० वर्षांचे असतात. पाश्चात्त्य देशांतली आकडेवारी सांगते की १०० पैकी सात-आठ जणांना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो.

२. पेरूच्या बिया किंवा केस पोटात गेला की अपेंडिक्स होतं, हे खरं का?

जवळजवळ नाहीच. काढलेल्या अपेंडिक्समध्ये बी सापडणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. पेरू खा, सीताफळाची बी चुकून गिळली तरी घाबरू नका. गंमत म्हणजे अपेंडिक्स काढल्याची जी पहिली नोंद सापडते (लंडन, १७३५, शल्यविशारद क्लॉडियस अम्यांड, रुग्ण ११ वर्षांचा मुलगा), त्यात अपेंडिक्समध्ये टाचणी निघाली होती. पण टाचण्या गिळणारे लोक असतात किती?

३. मला बेंबीपाशी दुखतंय. अपेंडिक्स तर उजवीकडे असतं ना?

उजवीकडेच असतं, पण दुखणं बहुतेक वेळा तिथे सुरू होत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. अपेंडिक्सकडून येणाऱ्या नसा मज्जारज्जूला ज्या पातळीवर मिळतात, त्याच पातळीवर बेंबीभोवतालच्या त्वचेच्या नसाही मिळतात. त्यामुळे सुरुवातीला मेंदूला नेमकी जागा कळत नाही. बेंबीभोवती किंवा थोडं वर, छातीच्या खड्ड्याखाली, बोथट, अस्वस्थ करणारं दुखणं येतं. या टप्प्यावर सगळ्यांनाच वाटतं की गॅस झाला, अपचन झालं.

पुढच्या काही तासांत, फार तर दिवसभरात, सूज नळीच्या बाहेरच्या थरापर्यंत येते आणि पोटाच्या आतल्या अस्तराला टेकते. अस्तराच्या नसा नेमकी जागा सांगतात. मग दुखणं उजवीकडे खाली उतरतं आणि तिथेच ठाण मांडतं. रुग्णाचा हात बघा. काल "कुठे दुखतं?" विचारल्यावर त्याने अख्खा तळवा बेंबीभोवती फिरवला होता, आज तोच माणूस एका बोटाने जागा दाखवतो. दुखण्याने अशी जागा बदलणं ही अपेंडिक्सची सगळ्यात बोलकी खूण.

मात्र असं सरकणारं दुखणं साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त रुग्णांतच दिसतं. उरलेल्यांत ते सुरुवातीपासून उजवीकडे असतं, नाहीतर भलतीकडेच (प्रश्न १४).

४. दुखण्याशिवाय आणखी काय काय होतं?

भूक मरते, मळमळतं, एक-दोन उलट्या होतात, मग अंगात कणकण येते. ताप सहसा १०० ते १०१ फॅरनहाइटच्या आसपास असतो. काहींना बद्धकोष्ठ होतं, पोट फुगतं, 'शौचाला झालं तर बरं वाटेल' असं वाटत राहतं आणि जाऊन आल्यावरही बरं वाटत नाही.

या यादीपेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी दुखणं, मग उलटी, मग ताप. आधी उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पोट मागाहून दुखायला लागलं, तर बाहेरचं खाणं बाधण्याची शक्यता जास्त. पहिल्या तासापासून हुडहुडी भरून १०३ ताप असेल, तर डॉक्टर दुसरीही कारणं शोधतात. म्हणून दवाखान्यात "उलटी, ताप, पोटदुखी" असं एका दमात सांगू नका. काय आधी झालं आणि काय नंतर, तेवढं आठवून सांगा.

भुकेचं म्हणाल तर, पोट दुखतंय म्हणणारा पोरगा वडापाव मागून खात असेल तर अपेंडिक्सची शंका बरीच कमी होते. संपत मात्र नाही.

५. घरच्या घरी तपासून बघता येतं का?

निदान करता येत नाही. संशय वाढवणाऱ्या खुणा मात्र दिसतात, आणि त्या पोट न दाबताही दिसतात.

खोकायला सांगा. खोकल्यासरशी हात उजव्या ओटीपोटावर गेला, तर नोंद घ्या. चालताना बघा. असा माणूस उजवीकडे किंचित वाकून, पाय जपून टाकत चालतो. टाचा उचलून जमिनीवर आपटल्या की तिथेच कळ येते. निजल्यावर तो उजवा गुडघा पोटाकडे घेऊन गप्प पडून राहतो, कूससुद्धा बदलत नाही.

आणि रिक्षातून नेताना स्पीडब्रेकरवर काय होतं, ते बघा. ही चेष्टा नाही. इंग्लंडमध्ये २०१२ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. अपेंडिक्सचं निदान पक्कं झालेल्या ३४ रुग्णांपैकी ३३ जणांनी सांगितलं होतं की दवाखान्यात येताना स्पीडब्रेकरवर दुखणं वाढलं. आपल्याकडे खड्ड्यांची कमतरता नाही, तेव्हा ही चाचणी आपोआप होते. अर्थात खड्ड्यात दुखणाऱ्या प्रत्येकाला अपेंडिक्स नसतं. पोटाच्या अस्तराला कशानेही सूज आली तरी हिसका बसल्यावर दुखतं. पण हिसक्याने काहीच झालं नाही, तर अपेंडिक्सची शक्यता खाली येते.

डॉक्टर ज्या जागी दाबून बघतात तिला मॅकबर्नीचा बिंदू म्हणतात. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये त्याचं वर्णन केलं. उजव्या कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेघ मनात काढा. हाडाच्या टोकापासून एक तृतीयांश अंतरावर तो बिंदू येतो. "दाबा आणि झटकन सोडा" असे व्हिडिओ बघून घरातल्या चौघांनी आळीपाळीने तिथे दाबू नये. रुग्णाला उगाच यातना होतात, आणि कळत काहीच नाही.

६. किती वेळ थांबून बघावं?

कुठलंही पोटदुखीचं दुखणं सहा तास सलग टिकलं आणि कमी होण्याऐवजी वाढत चाललं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रात्र असेल तर रात्री. दुखणं उजवीकडे खाली सरकलं असेल, तर सहा तासांचीही वाट बघू नका.

घाई यासाठी, की लक्षणं सुरू झाल्यापासून २४ ते ३६ तासांनंतर अपेंडिक्स फुटण्याचा धोका वाढत जातो. "उद्या सकाळी बघू" हे वाक्य दुखणं वाढत नसेल तर पहिल्या रात्री एकवेळ चालेल, दुसऱ्या रात्री नाही.

कुठे जायचं, हेही आधी ठरवा. जिथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सोनोग्राफी तिन्ही आहेत तिथे जाणं सोयीचं, म्हणजे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा तशी सोय असलेलं खाजगी रुग्णालय. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर तिथे जरूर दाखवा, पण ऑपरेशनसाठी पुढे जावं लागेल हे धरून चाला. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, महाराष्ट्रात आणि गोव्यातही तोच क्रमांक आहे.

७. कोणती लक्षणं दिसली की एक मिनिटही थांबू नये?

पोट फळीसारखं कडक होणं, दुखणं सगळ्या पोटात पसरणं, ताप १०२ च्या वर जाणं, नाडी जलद चालणं, घाम सुटून हातपाय गार पडणं, सतत उलट्या, ग्लानी, लघवी कमी होणं. ही अपेंडिक्स फुटल्याची लक्षणं असू शकतात. फुटलं नसलं, तरी यातलं काहीही घरी सांभाळण्यासारखं नाही.

निघण्याआधी रुग्णाला खायला देऊ नका. चहा-बिस्किट नको, दूध नको. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. रोजची औषधं, विशेषतः मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी चालू असतील, तर ती सोबत घ्या आणि गेल्या गेल्या सांगा.

८. रात्रभर तळमळत होतो, पहाटे दुखणं एकदम थांबलं. बरं झालं समजू का?

नाही, आज लगेच दाखवा. फुगलेलं अपेंडिक्स फुटलं की आतला दाब सुटतो आणि काही काळ दुखणं खरंच उतरतं. घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, दवाखान्यात जाणं रद्द होतं. मग काही तासांत पू पोटात पसरतो आणि दुखणं सगळीकडून परत येतं, आता तापासकट. साधं पोट दुखून थांबलं तर माणूस उठून बसतो, भूक लागली म्हणतो. इथे दुखणं थांबूनही चेहरा उतरलेला, जीभ कोरडी आणि नाडी जलद राहते.

९. गॅस, ॲसिडिटी आणि अपेंडिक्स यांत फरक कसा करायचा?

गॅसचं दुखणं फिरतं. आता इथे, मग तिथे, ढेकर आली किंवा वारा सरला की हलकं होतं. ॲसिडिटीत वर जळजळतं, खाण्याशी त्याचा संबंध असतो. अपेंडिक्सचं दुखणं एकदा उजवीकडे बसलं की हलत नाही आणि तासागणिक वाढतं. पहिल्या चार-पाच तासांत मात्र हे सगळे एकसारखे वाटू शकतात, अनुभवी डॉक्टरलासुद्धा. त्यामुळे "परत सहा तासांनी येऊन दाखवा" असं डॉक्टर म्हणाले, तर ती टाळाटाळ नव्हे. जाऊन दाखवाच.

१०. मुतखडाही उजवीकडे दुखतो. मग?

मुतखड्याची कळ पाठीतून, बरगडीखालून निघून जांघेकडे उतरते. लाटेसारखी येते आणि माणसाला स्वस्थ बसू देत नाही. तो फेऱ्या मारतो, अंथरुणात लोळतो. अपेंडिक्सचा रुग्ण हलायलाच तयार नसतो. लघवीच्या तपासणीत रक्तपेशी दिसल्या की खड्याकडे बोट जातं, पण मूत्रनलिकेला टेकलेल्या अपेंडिक्समुळेही त्या थोड्या दिसू शकतात.

११. पाळीच्या वेळचं दुखणं आणि अपेंडिक्स मुलींनी कसं वेगळं ओळखायचं?

दोन पाळ्यांच्या मधोमध, बीज सुटताना, एका बाजूला दुखू शकतं. ते सहसा दिवसभरात ओसरतं. नेहमीच्या पाळीसारखंच दुखत असेल तर ज्या बाईला ते माहीत असतं तिला बहुधा ओळखू येतं. "या वेळचं वेगळं आहे" असं ती म्हणत असेल, तर तिचं ऐका.

दोन गोष्टी मात्र अपेंडिक्सइतक्याच तातडीच्या आहेत. एक, अंडाशयाला पीळ पडणं. कळ एकाएकी येते, खूप जोराची असते आणि सोबत उलट्या. दुसरी, गर्भनलिकेत राहिलेला गर्भ. पाळी चुकलेली, एका बाजूला ओटीपोटात दुखणं, चक्कर, कधी थोडा रक्तस्राव. म्हणून शेवटची पाळी कधी आली हा प्रश्न डॉक्टर विचारणारच, आणि गरोदरपणाची चाचणीही करतील. लग्न झालेलं नाही म्हणून घरच्यांनी त्यावर रागावण्यात अर्थ नाही. हवं तर आईला बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलू द्या. एवढी मोकळीक जीव वाचवते.

१२. लहान मुलांत कसं ओळखायचं? त्याला नीट सांगताही येत नाही.

पाच वर्षांखालच्या मुलांत अपेंडिक्स कमी वेळा सुजतं, पण सुजलं तर निदान होईपर्यंत फुटलेलं असण्याचं प्रमाण फार मोठं असतं. मूल फक्त किरकिरं होतं, खात नाही, उलटी करतं, खेळायला उठत नाही, कडेवर घेताना रडतं. त्याला एका पायावर उडी मारायला सांगा. हसत मारली तर थोडं निवांत व्हा. नको म्हणून उजवी बाजू धरली तर दाखवा.

सर्दी-खोकल्यानंतर पोटातल्या लसिकाग्रंथी सुजतात आणि अगदी अपेंडिक्ससारखं दुखतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'मेसेन्टेरिक लिम्फॅडेनायटिस' असं लिहून येतं ते हेच. हे आपोआप बरं होतं. पण गाठी दिसल्या म्हणून अपेंडिक्स नाही, असं होत नाही. दुखणं वाढलं तर परत दाखवा. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनियाही मुलांत पोटदुखी म्हणून समोर येतो.

मुलग्यांच्या पालकांसाठी एक महत्त्वाचं. पोटात खाली दुखतंय म्हणणाऱ्या मुलाची चड्डी काढून अंडकोष बघा. मुलं लाजेने सांगत नाहीत. अंडकोषाला पीळ पडला असेल तर तो वाचवायला साधारण सहाच तास हातात असतात.

१३. गरोदर बाई आणि वयस्कर माणसं यांच्यात लक्षणं वेगळी असतात का?

गरोदरपणात मळमळ, उलटी, पोट ओढल्यासारखं होणं हे सगळं रोजचंच असतं, म्हणून अपेंडिक्स त्याआड लपतं. गर्भाशय वाढेल तसं अपेंडिक्स वर ढकललं जाऊ शकतं आणि दुखणं बेंबीच्या पातळीला किंवा बरगडीखाली येतं, तरीही बहुतेकींना उजवीकडे खालीच दुखतं. सोनोग्राफी आणि लागल्यास एमआरआय करतात. गरज असेल तर ऑपरेशन कोणत्याही महिन्यात होतं. बाळाला खरा धोका अपेंडिक्स फुटण्याचा असतो.

सत्तरीतल्या आजोबांचं उलट. दुखणं सौम्य, ताप नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही फारशा वाढलेल्या नाहीत. "थोडं जड वाटतंय" एवढंच म्हणतात, आणि तपासल्यावर फुटलेलं अपेंडिक्स निघतं. मधुमेह असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील, तर तरुणातही असंच होऊ शकतं. या वयात सीटी स्कॅन लवकर करतात, कारण आतड्याचा कर्करोगही अपेंडिक्सच्या रूपात पुढे येऊ शकतो.

१४. पाठीत दुखतंय, जुलाब होतायत, लघवीला सारखं जावं लागतंय, नाहीतर डावीकडे दुखतंय. तरीही अपेंडिक्स असू शकतं का?

असू शकतं. अपेंडिक्सचं मूळ ठरलेल्या जागी असतं, पण टोक कुठेही जातं. ते मोठ्या आतड्याच्या मागे असेल (आणि पुष्कळांत असतं) तर पोट दाबून फारसं दुखत नाही. कळ कंबरेत, पाठीत जाते आणि उजवा पाय मागे ताणला की दुखतं. ते खाली ओटीत लोंबत असेल तर गुदाशयाला किंवा मूत्राशयाला टेकतं. मग थोडे थोडे, शेंबडासारखे जुलाब होतात किंवा लघवीला सारखं जावंसं वाटतं. त्यावर जुलाबाच्या किंवा लघवीच्या जळजळीच्या गोळ्या खात तीन दिवस निघून जातात.

डावीकडे दुखणं दुर्मीळ. टोक लांबलचक असेल, आतडं जन्मतः वेगळं वळलेलं असेल किंवा शरीरातले अवयव आरशासारखे उलट बाजूला असतील तर तसं होतं. पूर्वीच्या एखाद्या तपासणीत 'हृदय उजवीकडे आहे' असं सांगितलं असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

१५. सोनोग्राफीत 'अपेंडिक्स दिसलं नाही' असं आलंय, रक्तही नॉर्मल आहे. म्हणजे सुटलो?

रिपोर्टमध्ये 'अपेंडिक्स दिसलं आणि नॉर्मल आहे' आणि 'अपेंडिक्स दिसलं नाही' ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत. गॅस असला, माणूस जाड असला किंवा नळी आतड्यामागे असली की सोनोग्राफीत ती दिसत नाही. नळीची जाडी ६ मिलिमीटरहून जास्त आणि दाबल्यावर न चपटणारी, असं आलं तर संशय बळावतो. मोठ्यांत सीटी स्कॅन अधिक खात्रीचा.

पांढऱ्या पेशी बहुतेकांत ११ हजारांच्या वर जातात, पण पहिल्या काही तासांत नॉर्मलही असतात. म्हणून डॉक्टर लक्षणं, तपासणी आणि रक्त यांना गुण देऊन बेरीज करतात. १९८६ मध्ये मांडलेला अल्वाराडो गुणांक यासाठी अजून वापरला जातो, दहापैकी गुण देतात. कागदावरचा एकच आकडा बघून घरी जायचं की नाही ते ठरवू नका.

१६. शेक, ओवा, एरंडेल, बेंबी बसवून घेणं, दुखणं थांबवायची गोळी. यातलं काय चालेल?

एरंडेल, जुलाबाची औषधं, एनिमा अजिबात नको. बंद तोंडाच्या, सुजलेल्या नळीशेजारी आतड्याला जोर देऊन ढकलण्यात धोका आहे. बेंबी सरकली म्हणून तेल लावून पोट चोळणं, ग्लास उपडा लावणं, हेही नको. गरम पिशवीने बरं वाटतं, पण सूज थांबत नाही, आणि तेवढ्या बरं वाटण्यावर रात्र निघते. ओव्याने अपाय नाही, पण संशय असेल तर पोटात काहीच घालायचं नाही (प्रश्न ७).

गोळीबद्दल पूर्वी फार कडक नियम होता, दुखणं दाबलं तर निदान चुकेल असा. आता डॉक्टर तपासणीच्या आधीसुद्धा वेदनाशामक देतात, त्याने निदान बिघडत नाही. घरात मात्र प्रश्न वेगळा आहे. दुकानातून आणलेली गोळी दर चार तासांनी खात दुखणं दाबत राहिलात, तर डॉक्टरांकडे जाण्याची वेळ पुढे ढकलली जाते. घेतली असेल तर कोणती, किती वाजता, ते सांगा.

१७. ऑपरेशनशिवाय, नुसत्या अँटिबायोटिकने बरं होतं म्हणतात. खरं?

काही रुग्णांत, रुग्णालयाच्या देखरेखीखाली, हो. अमेरिकेतल्या २०२० च्या मोठ्या चाचणीत अँटिबायोटिक घेतलेल्या दर दहांपैकी सुमारे तिघांना ९० दिवसांच्या आत ऑपरेशन करावं लागलं. फिनलंडमधल्या चाचणीत पाच वर्षांत साधारण ३९ टक्क्यांचं दुखणं परतलं. नळीत मळाचा खडा असेल तर हा मार्ग जोखमीचा. हा निर्णय सर्जनशी बोलून घ्यायचा. मेडिकलवाल्याकडून पाच दिवसांचा कोर्स आणून घ्यायचा हा मार्ग नव्हे.

१८. महिन्या-दोन महिन्यांनी उजवीकडे दुखतं आणि थांबतं. हे जुनं अपेंडिक्स का?

एकदा सुजून बसलेलं अपेंडिक्स पुन्हा सुजू शकतं, हे खरं. पण वर्षानुवर्षं अधूनमधून दुखणाऱ्या पोटामागे जास्त करून दुसरं काही निघतं. बद्धकोष्ठ, आतड्याची संवेदनशीलता, अंडाशयातली गाठ, जंत आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा आतड्याचा क्षयरोग. वजन घटतंय, संध्याकाळी ताप येतो, भूक नाही, असं असेल तर तो आधी तपासून घ्या. पक्कं निदान नसताना 'काढून टाकू, म्हणजे कटकट नको' असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला लाजू नका.

१९. माझं अपेंडिक्स काढलेलं आहे. तरी उजवीकडेच दुखतंय, आता काय?

फार क्वचित, मागे राहिलेल्या बुंध्याला सूज येते. त्याहून जास्त वेळा ऑपरेशननंतर आतडी आतून चिकटलेली असतात. पोट फुगणं, उलट्या, वारा आणि शौच दोन्ही बंद, असं असेल तर आतड्याला अडथळा आला असावा, लगेच जा. मुतखडा, हर्निया, अंडाशय ही कारणं तर आहेतच (प्रश्न १० आणि ११). जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. "अपेंडिक्सचंच ऑपरेशन झालं होतं" असं सांगणाऱ्या कित्येकांचं कार्ड वाचल्यावर कळतं की तेव्हा फक्त गळू काढून पू वाहता केला होता आणि अपेंडिक्स अजून आतच आहे.